एल, व्ही, एन

टॉरपॉइंटच्या धक्क्यावर माझा बाप, डेन्झिल,
फेरीबोटीसाठी गाड्या रांगेत लावायचा.
शिट्टी नाही, झेंडी नाही, नुसता पंजा.
आणि प्रत्येक नंबरप्लेटवरची शेवटची तीन अक्षरं
जिभेखाली धरायचा, आंबट गोळीसारखी.

नियम त्याचेच.
अक्षरं त्याच क्रमानं यायला हवीत,
मधे बाकीची कितीही येऊ देत, पाहुण्यांसारखी.
गाडीची मागची चाकं बोटीवर चढायच्या आत
शब्द सापडला पाहिजे.
विशेषनामं बाद. पास्कोच्या शिव्या
फक्त जानेवारीत चालतील.

डब्ल्यू, आर, के.
पास्को म्हणे, 'वर्क'. ते कुणीही म्हणेल.
बाप म्हणे, 'रेक'. खडकावर फुटलेलं जहाज,
तोंडाशी डब्ल्यू, पण त्याची वाचा गेलेली.
त्याला अशीच अक्षरं आवडायची,
हजेरीपटावर असून हाकेला ओ न देणारी:
चर्चमधल्या 'हिम'च्या शेवटी
टोपी काढून उभा असलेला एन,
'नील'च्या आधीच गुडघे टेकून बसलेला के.

आय मात्र पाटीवर कधी येत नाही.
एकच्या आकड्यासारखा दिसतो,
म्हणून सरकारनं त्याला घेतलंच नाही.
'एवढ्या गाड्या गेल्या, लोवेना,' तो सांगायचा,
'आणि एकीतही मी नव्हतो.'
हा विनोद आहे हे कळायला मला वीस वर्षं लागली.
विनोद नाही हे कळायला आणखी थोडी.

काही पाट्यांतून काहीच निघत नसे.
जे, एक्स, व्ही. पिळा हवं तेवढं.
अशा गाडीला तो टोपीला हात लावून सलाम करी.
बिचाऱ्यांना निदान तेवढं, म्हणे.

आईची गाडी निळी होती.
टपावर दोरीनं बांधलेली गादी,
मागच्या सीटवर मी, नऊ वर्षांची,
मांडीवर इस्त्री, कारण ती कुठल्याच खोक्यात मावली नव्हती.
तिसऱ्या रांगेत आम्ही.
त्यानं पाटी वाचली.
दर शनिवारी स्वतः धुतलेली पाटी
जणू आज पहिल्यांदाच.

एल, व्ही, एन.
त्याचे ओठ हलताना मी पाहिले.
लिव्हिंग बसतं त्यात. लव्हिंग बसतं.
लीव्हिंगही बसतं, जरा पाय दुमडून.
जगणं, जीव लावणं, निघून जाणं,
तिन्हींचे कोट त्याच तीन खुंट्यांवर.
चाकं पुढे सरकली.
तो ओरडला, 'इलेव्हन!'

पास्कोला वाटलं, अकरा गाड्या भरल्या.
त्यानं साखळी लावून टाकली
आमच्या बॉनेटच्या हातभर पुढे.

पुढच्या बोटीला दहा मिनिटं.
मागून कुणीतरी हॉर्न वाजवला आणि मग तोही थकला.
आईनं काच अर्धी खाली केली.
बाप वाकला. म्हणाला, 'हँडब्रेक ओढ. उतार आहे.'
तिनं ओढला.
मग दोघंही टेमार नदीकडे बघत राहिली,
भरती होती की ओहोटी, आठवत नाही.
इस्त्री गार होती, तरी मी तिला
चटका लागेल अशी धरून बसले होते.

बोट आली. त्यानं पंजा हलवला,
सगळ्यांना हलवायचा तसा.

आता त्याचे गुडघे गेलेत.
खिडकीतून रस्ता वाचतो
आणि संध्याकाळी मला तीन अक्षरं पाठवतो.
मी सिग्नलला, ऑफिसात, दाताच्या डॉक्टरकडे
त्यांच्यात स्वर भरत बसते.

एल, व्ही, एन त्यानं कधी पाठवलं नाही.
परवा मीच पाठवलं.
तासभर काही नाही.
मी दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला.
मग आलं: 'स्लव्हन.'
म्हणजे गबाळा, अजागळ माणूस.
खाली लिहिलं होतं,
'आईला विचार, अजून म्हणते का मला ते.'

विचारलं.
ती हसली वगैरे नाही.
चष्मा पुसून म्हणाली,
'स्पेलिंग तरी बरोबर आहे का त्याचं?'